अहवालात नसलेलं तळं

खाणीच्या पर्यावरण अहवालात आमच्या डोंगरावरचं तळं नव्हतंच. त्या जागी ‘कोरडं माळरान’ होतं. तो अहवाल मंजूर झाला, की आमच्या बटाट्यांचं पाणी गेलं. म्हणून आम्ही जनसुनावणीच्या खुर्च्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर मांडल्या.

खाणीचे इंजिनियर बुस्तिन्सा अलीकडे थबकले. “वाट कुठाय?”

“सरळ या की,” एदुविहेस मावशी पलीकडून ओरडली. “माळरानच आहे!”

“मावशी, बूट भिजतील!”

“कशानं हो?”

साहेबांनी पुढे टाकलेला पाय मागे घेतला.

आमच्याकडे सभेत बोललेला प्रत्येक शब्द गावाच्या वहीत चढतो. सचिवानं शांतपणे लिहिलं, ‘बूट भिजतील: इंजिनियर.’ खाली दोनशे अंगठे उमटले.

“आता सहीला या, साहेब,” मावशी म्हणाली. “चालतच या.”