वाया गेलेली हाक

"पोरी, हाक जपून वापर. ती झिजते," उंदीरकाका मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, तेव्हा मी हसले होते. हाक काय साबणाची वडी आहे झिजायला?

काकांनी तीस वर्षं धान्याच्या गोदामात उंदीर मारणारी कुत्री सांभाळली होती. निवृत्तीनंतर ते गोदामामागच्या खोलीत एकटेच राहत आणि संध्याकाळी मैदानावर लोकांच्या कुत्र्यांना शिकवत. आमचा चटक्या आठ महिन्यांचा टेरिअर, म्हणजे चार पायांवरचं नुसतं नाक. आणि मी! माझी लेक ठकी तीन वर्षांची झाली, तरी झोपेत तिचा श्वास चालू आहे ना, हे बघायला उठणारी. दिवसातून चाळीस वेळा माझं "चटक्या, ये!" चाले. मोजा सोड, ये. अंघोळीला ये. घरी जायचंय, ये.

मग एकदा मैदानावर खार दिसली. चटक्या सुटला. मी घसा फुटेस्तोवर ओरडले, त्याचा कानही हलला नाही. त्याच्यामागे ठकी धावली, थेट रस्त्यावर. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला. ठकी चाकापासून हातभर अंतरावर होती.

"महिनाभर बघू," नवरा त्या दिवशी म्हणाला. "मोकळा सोडल्यावर हाकेसरशी आला नाही, तर परत देऊन टाकायचा. ठकीपेक्षा कुत्रा मोठा नाही."

मी मान खाली घालून काकांकडे गेले.

"आला की काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"पट्टा लावते."

"म्हणजे हाक आली की मजा संपली! मी कुत्रा असतो तर मीही आलो नसतो. तुझी 'ये' मेली. आता शिट्टी."

दहा मीटरची दोरी. शिट्टी वाजवायची, तो वळला की आपण उलटं पळायचं, तो आला की चिंधीचा उंदीर फरफटवायचा, मनसोक्त फाडू द्यायचा. आणि मग पुन्हा मोकळा. दहादा बोलवायचं, नऊदा सोडायचं. बिस्किटं काकांनी हसण्यावारी नेली. "शिकाऱ्याला शिकार दे. बिस्किटं पाहुण्यांना ठेव."

शिट्टी फुंकताना माझा एक डोळा ठकीवर, एक दोरीवर.

"ही शिट्टी घाबरलेली निघाली," काका चटक्याकडे बघत म्हणत. "पुन्हा."

महिना संपला त्या रविवारी नवरा हाताची घडी घालून उभा राहिला. ठकी त्याच्या कडेवर. मी दोरी काढली. गटाराच्या कडेने एक घूस निघाली आणि चटक्या बाणासारखा सुटला. मी शिट्टी वाजवली. एकदाच.

तो थांबला. अंगभर थरथरला, घुशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पाठ फिरवून पळत सुटले. मागे पावलांचा तडतड आवाज आला आणि चिंधी माझ्या हातातून हिसकावली गेली.

"ठेवू या," नवरा म्हणाला. मग घसा खाकरून, "तूही बरी पळतेस."

"काका!" मी ओरडले. ते पाठमोरे दोरी गुंडाळत होते. "काका, राहिला!" तिसऱ्यांदा ओरडले तरी वळले नाहीत. शेवटी मी जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा दचकले.

"वर्ष झालं, पोरी. अगदी कानाशी बोललं तरच कळतं."

"मग माझी शिट्टी घाबरलेली, हे कसं कळायचं?"

"शिट्टी कोण ऐकत होतं? त्याचे कान बघत होतो. बोभाटा करू नकोस. लोक कुत्री आणायची थांबतील."

मी ते सांभाळलं. पुढे नवऱ्याची बदली झाली, आम्ही शहर सोडलं. काका मला रोज संध्याकाळी फोनवर एक निरोप पाठवत, बहुतेक वेळा एकच शब्द: "आला?" मी "आला" लिहायची. गेले नऊ दिवस तो प्रश्न आलेला नाही. मी लिहिलेलं त्यांनी बघितलेलंही नाही. नवरा म्हणतो, फोन बिघडला असेल. असेलही. गोदामाच्या कार्यालयात दोनदा सांगून झालं, "बघतो" म्हणाले.

म्हणून आज त्यांची गोष्ट उघड करतेय. तुमच्यापैकी कुणी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानाजवळ राहत असेल, तर गोदामाला वळसा घालून जा, शेवटची खोली. कडी वाजवत उभे राहू नका, हाका मारू नका. सरळ दार ढकला, आत जा आणि त्यांच्या समोर उभे राहा.