दुर्बिणीने दाखवलेलं बीळ

मित्रांनो, माझा जन्म कोकणातला नाही. कुठल्याशा दूरदेशीच्या कारखान्यात माझ्या दोन नळ्यांत काचा बसवल्या गेल्या, वरून काळं रबर चढलं आणि मी एका मालवाहू बोटीवर जाऊन पोहोचले. त्या बोटीचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते कमालभाई. बावीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात होते. बंदरांचे दिवे, पावसाळी हवेत हेलकावणारे मचवे, पाण्याबाहेर झेपावणारे मासे, सगळं मी त्यांच्या डोळ्यांपाशी आणून ठेवलं. ते मला मलमलीच्या फडक्याने पुसत आणि नव्या खलाशाला बजावत, "हिला धरायचं तर आधी हात धुवून ये." दुर्बिणीला याहून मोठा मान काय हवा?

आम्ही दोघं एकदमच घरी परतलो. घर बुरोंडीच्या वरच्या अंगाला, पुढे समुद्र आणि मागे उघडाबोडका कातळ. घरी कमालभाईंची बायको हफीजा एकटीच असायची. मुलगी इरम लग्न होऊन नवऱ्याबरोबर कुवेतला गेली होती. परत आल्यावर दुसऱ्याच वर्षी कमालभाईंच्या अंगाची उजवी बाजू गेली. न्हाणीघर जवळ पडावं म्हणून हफीजाने त्यांची खाट मागच्या पडवीत टाकली. जन्मभर दर्या पाहिलेला माणूस आता दिवसभर दगड पाहू लागला. पहिले दोन महिने ते कोणाशी धड बोललेही नाहीत.

मग एका सकाळी त्यांनी डाव्या हाताने मला उचललं, कातळाकडे रोखलं आणि हाक मारली, "हफीजा, इकडं ये गो! वही आण."

कातळाच्या कडेला, करवंदीच्या जाळीखाली एक बीळ होतं. त्यातून घोरपड बाहेर आली होती. चांगली हातभर लांब, अंगावर धुळीचा रंग, जीभ दुभंगलेली. ती सपाट दगडावर चारी पाय पसरून उन्हाला पडली आणि मान ताठ करून चहूकडे पाहू लागली.

"बघ कशी हुबी हाय, बोटीच्या ब्रिजवर कप्तान हुबा असतो तशी," कमालभाई म्हणाले. "लिव. आठ चाळीस. ऊन कोवळं. वारा नाही."

हफीजाने इरमची शाळेतली अर्धी कोरी वही आणली आणि लिहिलं. घोरपडीचं नाव त्या दिवसापासून कप्तानच पडलं. असा आमचा नवा प्रवास सुरू झाला. कमालभाई पाहायचे, हफीजा लिहायची. पुढे तीही पाहू लागली. तिचा डोळा पहिल्यांदा माझ्या काचेला लागला तेव्हा ती इतकी दचकली की मी तिच्या हातातून सुटतच होते. "याअल्ला, ही तर माझ्या मांडीवर बसलीय!" ती म्हणाली. कमालभाई कितीतरी दिवसांनी हसले.

त्या तीन वर्षांत आम्ही काय काय पाहिलं म्हणून सांगू! हिरवागार हरणटोळ साप फांदीसारखा लोंबत राहिला आणि त्याने सरडा मानेला धरला. सरडा निपचित व्हायला बावीस मिनिटं लागली आणि गिळायला आणखी अठरा. विहिरीकाठच्या खंड्याने पाल उचलली, फांदीवर आपटून आपटून मऊ केली. कप्तानने दगडाखालून फुरशाचं पिल्लू ओढून काढलं आणि मान झटकून गिळलं. त्याच आठवड्यात एक धामण बेडूक तोंडात घेऊन चालली असताना वरून सर्पगरुड आला आणि बेडकासकट धामण उचलून घेऊन गेला. हफीजा त्या दिवशी जेवली नाही. "ज्यानं खाल्लं, त्यालाच खाल्लं," एवढंच म्हणाली.

आणि एकदा कुत्रे आले. तिघांनी कप्तानला उघड्यावर गाठलं. एकाच्या तोंडात तिची शेपटी होती. कमालभाई खाटेवरून ओरडत राहिले, हफीजा खराटा घेऊन अनवाणी तापल्या कातळावरून धावली. कुत्रे पळाले, पण शेपटीचं बोटभर टोक गेलं. दहा दिवस बीळ ओस होतं. अकराव्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा हफीजाने मला खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. तिच्या पायाचे फोड तोवर भरून आले होते.

कमालभाई गेले ते डिसेंबरातल्या एका सकाळी, मी त्यांच्या छातीवर असताना. हफीजाने मला त्यांच्या गळ्यातून काढलं. पुढे चाळीस दिवस मी खुंटीवर होते. एकेचाळीसाव्या दिवशी ती त्यांच्या खाटेवर येऊन बसली आणि तिने मला कातळाकडे रोखलं. कप्तान दगडावर पडली होती. "तुमचा कप्तान आलाय हो," ती रिकाम्या उशीकडे पाहून म्हणाली. मित्रांनो, त्या घरात तिच्याशी बोलणारं दुसरं कोण होतं? कलमांच्या बागेत राखणीला असलेला भागोजी सांजसकाळ डोकावून जायचा, तेवढाच.

म्हणूनच विनीत आला तेव्हा तिला एवढा आनंद झाला.

तिशीचा, मोटारसायकलवरून आलेला, बोलायला गोड. म्हणाला, "आंटी, मी सापसरड्यांचा अभ्यास करतो. गावात कळलं, तुम्ही सगळं लिहून ठेवता." हफीजाच्या वहीबद्दल आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तिने त्याला सांदणं आणि चहा दिला आणि वही उघडली. त्याने एकेक पान निरखून वाचलं. हरणटोळाची पानं त्याने भराभर उलटली, घोरपडीच्या पानांवर मात्र तो थांबायचा.

"थंडीत किती वाजता बाहेर येते?"

"साडेआठ, पावणेनऊ."

"बिळाला दुसरं तोंड आहे?"

"हाय ना! जाळीच्या मागच्या अंगाला. आमच्या ह्यांनी हुडकलं ते. बघतोस?"

आणि तिने मला त्याच्या हातात दिलं.

त्याचा डोळा माझ्या काचेला लागला. मला पुष्कळ डोळे माहीत आहेत. खलाशाचा डोळा भिरभिरतो, आजारी माणसाचा मिटतो, हफीजाचा ओला होतो. हा डोळा हललाच नाही. मी माझं काम केलं. बिळाची दोन्ही तोंडं, सपाट दगड, मधली पायवाट, सारं त्याच्या हाताशी आणून ठेवलं. दुर्बीण नाही म्हणू शकत नाही, मित्रांनो. हे दुःख मी कोणाला सांगू?

नवव्या दिवशी सकाळी हफीजाने मला उचलून कातळाकडे रोखलं. माझ्या काचेत तांबड्या मातीचा ढीग होता. जाळी कोयत्याने साफ केलेली. बिळाचं पुढचं तोंड धुराने काळं पडलेलं. तेवढ्यात भागोजी धापा टाकत आला.

"चाची, बीळ खणलानी! म्होरून धूर घातलानी नि मागून फासा लावलानी. मी बागेच्या त्या टोकाला व्हतो, मना कायच कळलं नाय." मग तो दबकत म्हणाला, "मागचं तोंड त्यांना कसं गावलं, चाची?"

हफीजाने मला गळ्यात अडकवलं. ती कातळावर गेली. मागच्या तोंडापाशी तारेचा फास पडला होता आणि दगडावर नखांचे ओरखडे होते, लांब, शेवटपर्यंत ओढत गेलेले. तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं.

त्याच दिवशी तिने भागोजीला बरोबर घेऊन वन खात्याचं ऑफिस गाठलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "जागा त्यांना कोणी दाखवली, काही कल्पना?"

"मी," हफीजा म्हणाली. "मी दाखवली."

तिने मोटारसायकलचं, माणसाचं, बोलण्याचं सगळं वर्णन दिलं. तिची नजर वर्षानुवर्षं घासलेली होती. नंबरातले शेवटचे दोन आकडेही तिला आठवत होते. पाच दिवसांनी निरोप आला की सावर्ड्याजवळ हमरस्त्यावर एक गाडी अडवली आहे, वही घेऊन ओळखायला या.

मी सवयीने तिच्या गळ्यातच होते. ताडपत्रीवर सात घोरपडी ठेवल्या होत्या, पाय पाठीवर वळवून बांधलेल्या. कोणी त्यांचं तेल सांधेदुखीवर विकतो, कोणी मांस. चार जिवंत होत्या, तीन संपल्या होत्या. हफीजा प्रत्येकीपाशी वाकली आणि प्रत्येकीची शेपटी पाहिली. सातही शेपट्या अखंड होत्या.

"यात ती नाही," ती म्हणाली.

"आधीचा माल पुढे गेलेला असणार, मावशी," साहेब हळू आवाजात म्हणाले.

विनीत जीपच्या सावलीत बसला होता. त्याने तिला पाहिलं आणि मान खाली घातली. मग ओठ ओले करत म्हणाला, "आंटी, पाणी आहे का जरा?" हफीजाने पिशवीतली बाटली काढून त्याला दिली. परतीच्या वाटेवर भागोजीने तिला त्यावरून बोल लावला, पण ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

जिवंत चार घोरपडी खात्याने कुठेतरी दूर सोडल्या. कुठे ते हफीजाने विचारलं नाही.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगताना अजून मला कसंसंच होतं. रोज सकाळी पावणेनऊला ती मला त्या दगडावर रोखायची. माझ्या काचेत नुसता दगड असायचा. पण तिचे ओठ हलायचे, "आली... आज उशीर केलास." ती मान हळूहळू वळवायची, जणू काही चालतंय आणि ती त्याच्या मागे जातेय. मी कितीही स्वच्छ दाखवलं तरी तिला जे दिसत होतं ते माझ्यात नव्हतं. कधी ती दुपारी एकदम उठून कातळावर जायची आणि त्या ओरखड्यांवर पाणी ओतून यायची. इरम फोनवर म्हणायची, "अम्मी, इकडं ये रहायला." हफीजा म्हणायची, "इथं कोन बघील?"

या हिवाळ्यात स्वप्ना आली. कॉलेजातली मुलगी, बरोबर वन खात्याचं पत्र. तिला या कातळावरच्या घोरपडींची नोंद घ्यायची होती, त्यांना राखीव जागा मिळावी म्हणून. भागोजीने पत्र दोनदा वाचलं, खात्याच्या ऑफिसात फोन लावून विचारलंही. मुलगी खरी होती. हफीजाने तिला पडवीत शेजारी बसवलं, पण वही काढली नाही.

"चाची, मी रोज आले तर चालेल?"

"बस की. बसायला काय जातंय?"

तिसऱ्या सकाळी मी हफीजाच्या डोळ्यांशी होते. आणि मित्रांनो, तेव्हा मला दिसलं. दगडाच्या फटीतून एक वीतभर पिल्लू बाहेर आलं. काळसर अंगावर पिवळे ठिपके, जीभ विजेसारखी आतबाहेर. हफीजाचा श्वास थांबला. या वेळी ते खरोखरच माझ्या काचेत होतं. त्याच्यापासून चार हातांवर, सुक्या गवतात एक भारद्वाज पाय उचलून उभा होता, लाल डोळा पिल्लावर लावून.

"चाची, काही दिसलं का?" स्वप्नाने विचारलं.

मला वाटलं, आता ती मला त्या मुलीच्या हातात देईल. तिची बोटं माझ्या पट्ट्यावर घट्ट झाली. भारद्वाजाने एक पाऊल टाकलं. आणि हफीजाने अगदी सावकाश, कुठेच न थांबता, मला तिथून वळवलं आणि आंब्याच्या कलमांवर नेऊन ठेवलं.

"नाही गो पोरी," ती म्हणाली. "काय नाय तिथं."

पुढे त्या पिल्लाचं काय झालं, ते मला माहीत नाही. तिलाही नाही. मागे वळून पाहिलं असतं तर शेजारच्या डोळ्यांनाही कळलं असतं की कुठे पाहायचं. ती पानांकडे पाहत राहिली आणि माझ्या काचा आतून धुरकटल्यासारख्या झाल्या. ती रडत होती. स्वप्ना भल्या मनाची मुलगी, तिला वाटलं चाचाजींची आठवण आली असेल. तिने काही न विचारता तिच्या खांद्यावर हात ठेवला. आठवड्याने स्वप्ना आपल्या वहीत शून्य लिहून परत गेली. त्या मुलीवर अन्याय झाला, हे हफीजाला कळत होतं. तिने तिला डबाभर सांदणं बांधून दिली आणि बस दिसेनाशी होईपर्यंत फाट्यावर उभी राहिली.

घरी येऊन तिने कमालभाईंची खाट पुढच्या ओट्यावर, रस्त्याच्या बाजूला हलवली. मागच्या पडवीचं दार लावून घेतलं. मग मला मलमलीत गुंडाळून जुन्या सागवानी पेटीत तळाशी ठेवलं आणि झाकण ओढून घेतलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू सहसा तुमच्याकडे मागणं मागतात की आम्हाला बाहेर काढा, पुसा, वापरा. माझं मागणं वेगळं आहे. तुम्हाला एखाद्या मुक्या जिवाचं घर कधी सापडलं, तर डोळे भरून पाहा, पण त्याच्याकडे बोट दाखवू नका. आणि कधी बुरोंडीच्या त्या घरावरून गेलात, ओट्यावर बसलेल्या म्हातारीने तुम्हाला रस्त्याकडे पाहत चहा विचारला, तर खुशाल प्या. तिला कातळाबद्दल काही विचारू नका. मला इथेच अंधारात राहू द्या.