डाव्या हाताची जागा

"काकाजी, पुन्हा माइक सोडलात! आवाज एकदम गायब," काचेआडून जयेश म्हणाला.

लक्ष्मीकांत ओशाळले. क्लॅरिनेट छातीशी धरून ते पुन्हा फरशीवरच्या चिकटपट्टीच्या खुणेवर येऊन उभे राहिले. काचेच्या अलीकडे, जयेशच्या यंत्रांपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोचा, सुलोचनाबाईंचा, जीव वरखाली होत होता. इंदूरच्या कितीतरी वराती या माणसाने वाजवत नेल्या. पण त्याचा एक सूर कुणी जपून ठेवला नव्हता. आता दमही पुरेनासा झाला होता. शिवांगीच्या लहानशा जॅझ कंपनीची ही रेकॉर्ड झाली, तरच मागे काही राहणार होतं.

इथे सॅक्सोफोन, ड्रम, बास, क्लॅरिनेट, सगळ्यांनी एकाच खोलीत एकदम वाजवायचं. एक चुकला की सगळे पहिल्यापासून.

पुन्हा सुरुवात झाली. काय वाजवत होते! ड्रमवाला वाजवता वाजवता खुशीत हसला. पण ओळ संपताच लक्ष्मीकांत उजवीकडे सरकले आणि गप्प झाले. पुढची ओळ माइकपासून लांबच वाजली.

सॅक्सोफोन ठेवून शिवांगी बाहेर आली. जयेश कुजबुजला, "दीदी, काकाजींशिवाय करून घेऊ ना? थक गए हैं वो."

"थकले नाहीत रे भिया," सुलोचनाबाईंनी ऐकलंच होतं. "रघुवीरभाऊंना वाट देतायत. वरातीत घोडीपुढे दोघं जोडीने वाजवत चालायचे. हे उजवीकडे, ते डावीकडे. यांची ओळ झाली की हे सरकणार, ते जवाब देणार. पाणीसुद्धा एकाच बाटलीतलं. सारी उमर असंच गेलं. भाऊ गेले मागच्या दिवाळीत, पण यांचे पाय कुठे मानतायत!"

जयेश उठला. काकाजी सरकत होते तिथे त्याने दुसरा माइक लावला. शिवांगीने आपला माइक त्यांच्या डाव्या हाताला नेला.

"काकाजी, इथे उभी राहू?"

"राहा की बेटा. पण जवाब कडक पाहिजे हं!"

या वेळी ते सरकले आणि डावीकडून सॅक्सोफोन उसळला. लक्ष्मीकांतांचे डोळे मिटलेलेच होते. भुवया तेवढ्या वर गेल्या. पुढची ओळ त्यांनी अशी उचलली, की सुलोचनाबाईंना त्यांची तिशीतली चाल आठवली.

वाजवणं संपलं. जयेशने खुशीत अंगठा उंचावला. लक्ष्मीकांतांनी पाण्याचे दोन घोट घेतले आणि न बघताच बाटली डावीकडे पुढे केली.

शिवांगीने ती घेतली, तेव्हा कुठे त्यांनी वळून पाहिलं.