जंगम ढोल्या

टक्, टक्, टक्. घर पेंगत असताना ढोल्याची नखं फरशीवर वाजली आणि ती दचकून उठून बसली. एरवी भर दुपारी हा कुत्रा ढिम्म हलत नसे. तो दाराकडे निघाला, म्हणजे नणंद जिना चढत होती.

लांबच्या शहरात नोकरी लागली तेव्हा नणंदेनंच हे पिल्लू तिच्या पदरात टाकलं होतं. "वहिनी, थोडे दिवस सांभाळ गं." त्या थोड्या दिवसांत पिल्लाचा ढोल्या झाला, आणि त्याचे कान धरधरून तिची लेक उभी राहायला शिकली. एरवी सुट्टीपुरती येणारी नणंद आता कायमची परतली होती. आज हातात नवा पट्टा होता.

ढोल्यानं नणंदेच्या पायांत अशी काही लोळण घेतली की ती चपलांसकट दारातच बसली. "विसरला नाहीस रे, लबाडा."

लेकीनं त्याच्या गळ्यात हात टाकले. "आत्या, हा आमचा आहे."

"अगं राणी, माझ्या नावावर आहे तो. लसीच्या कार्डावर बघ."

"आई, खरं?"

वकिलाकडे टायपिंग करणारी बाई ती; खोटं तरी कुठल्या तोंडानं बोलणार? "कायद्यानं कुत्रा म्हणजे जंगम मालमत्ता, बाळा. आपल्या कपाटासारखी. ज्याच्या नावावर, त्याची."

नणंदेनं पट्टा अडकवून ओढला. ढोल्यानं चारी पाय फाकवले आणि उंबऱ्यावर धोंड्यासारखी बसकण मारली. पुन्हा ओढला. त्यानं जांभई दिली.

"वहिनी, जंगम म्हणजे हलवता येते ती ना?"

"हो."

"मग हा स्थावर झालाय. तुझ्या हातचं खाऊन खाऊन."

"आळस त्यानं माहेरून आणलाय," तीही म्हणाली.

दोघी हसत सुटल्या. हसता हसता नणंदेनं डोळे पुसले आणि पट्टा काढून घेतला. "राहू दे इथंच. नाव माझं, घर तुमचं. मी येत जाईन."

तिला नणंदेला घट्ट मिठी मारावीशी वाटली. पण ती नुसतीच चहा टाकायला उठली.

लेक ढोल्याच्या पोटावर डोकं टेकून हिशेब लावत होती. "आई, बाबांच्या नावावर गाडी. तुझ्या नावावर कपाट. आत्याच्या नावावर ढोल्या."

"बरोबर."

"मग ढोल्याच्या नावावर काय आहे?"