दाराला आतून हँडल

तोरग्रिम नेसहाइमला लोक त्याच्या किल्ल्यांवरून ओळखायचे. शहरातल्या जुन्या दगडी तुरुंगात तो वळणावर दिसायच्या आधीच त्याचा जुडगा ऐकू यायचा आणि कोठड्यांमधून कुणीतरी म्हणायचं, "आला घंटेवाला." तीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं. दारं उघडायची आणि दारं लावायची. ते तो चोख करायचा. कधी कुणावर हात उगारला नाही, कुणाला शिवी हासडली नाही. आपण भला माणूस आहोत याबद्दल त्याच्या मनात तिळभरही शंका नव्हती. मग हा तुरुंग माणसं ठेवायच्या लायकीचा उरला नाही असं सरकारने ठरवलं, तो बंद केला आणि तोरग्रिमची बदली लुन्नॉय बेटावर झाली.

लुन्नॉयबद्दल ऐकूनच त्याचं डोकं फिरलं होतं. भिंत नाही, तार नाही. कैदी लाकडी घरांत राहतात, गाई पाळतात, स्वतः रांधून खातात. "सरकारचे जावईच झाले की हे," तो बायकोला म्हणाला. "आता मी काय करायचं तिथे? त्यांची ताटं वाढायची?" बायको म्हणाली, "वाढ की. घरी कधी वाढली नाहीस."

त्याच दिवशी त्याच बोटीने आणखी एकजण बेटावर निघाला होता. रोआल्ड हाऊकनेस. दारूच्या नशेत, एका भांडणात त्याच्या हातून माणूस गेला होता. अकरा वर्षं त्याचं दार तोरग्रिमने उघडलं होतं आणि लावलं होतं. दोघं समोरासमोर बसले, पण बोलण्यासारखं काही नव्हतं. अकरा वर्षांत त्यांचं बोलणं 'चल' आणि 'बरं' याच्या पुढे फारसं गेलंच नव्हतं.

सुकाणूवर पांढऱ्या दाढीचा, निळ्या डगल्यातला एक म्हातारा उभा होता. बोट अशी सफाईने चालवत होता, की तोरग्रिमला त्याच्याबद्दल आदरच वाटला. त्याने विचारलं, "कप्तान, किती वर्षं झाली इथल्या नोकरीला?"

"नोकरी कसली?" म्हातारा हसला. "मी बिर्गर. शिक्षा भोगतोय. पुढच्या वसंतात सुटेन."

तोरग्रिमने कठडा धरला. चोहीकडे पाणी, खाली इंजिन आणि सगळी सूत्रं एका कैद्याच्या हातात. "मग... पळून का जात नाहीस बोट घेऊन?"

"आणि लोकांची पलीकडची बस चुकली म्हणजे? शिव्या कोण खाणार?" बिर्गर म्हणाला आणि त्याने बोट अलगद धक्क्याला लावली.

धक्क्यावर तुरुंगाची मुख्य अधिकारी गुडनी गमबूट घालून उभी होती. वय चाळिशीच्या आसपास, हातात शेणाने माखलेलं फावडं. तिने आधी रोआल्डशी हात मिळवला, मग तोरग्रिमशी, आणि हा क्रम तोरग्रिमच्या नजरेतून सुटला नाही. त्याचा जुडगा तिने मागून घेतला आणि त्याऐवजी एक किल्ली दिली. औषधांच्या कपाटाची. खिशात घातली तर ती वाजायची सुद्धा नाही.

"इथे सगळ्यांना नावाने हाक मारायची," ती म्हणाली. "हाऊकनेस नाही, रोआल्ड. कुणाच्या खोलीवर गेलास तर दार वाजवायचं आणि आतून 'ये' म्हणेपर्यंत थांबायचं. आणि कुणाचं दार आपण उघडायचं नाही."

"तो 'ये' म्हणालाच नाही तर?"

"तर परत यायचं."

"आणि आत आग लागली असेल तर?"

"तर दार तोड, तोरग्रिम. मी काही वेडी नाही."

रोआल्डला पिवळ्या घरातली खोली मिळाली. खिडकीला पडदा, बाहेर सफरचंदाचं झाड, दाराला आतून कुलूप आणि त्याची किल्ली रोआल्डच्याच खिशात. त्याने बॅग ठेवली. तोरग्रिमने नेहमीप्रमाणे दार ओढून घेतलं आणि तो निघून गेला.

दुपारी जेवायला सगळे जमले, रोआल्ड आला नाही. घरातले म्हणाले, नवा आहे, झोपला असेल. तोरग्रिम सहज खिडकीवरून गेला तर हा पठ्ठ्या खोलीत, दारासमोर उभा. हात बाजूला सोडलेले, मान जराशी खाली. दार नुसतं ओढलेलं होतं, कुलूप लावलेलं नव्हतं. समोर पितळेचं हँडल होतं आणि तो त्याच्याकडे बघत उभा होता.

तोरग्रिमला आधी कळलंच नाही. मग कळलं. जुन्या तुरुंगातल्या दारांना आतून हँडल नव्हतं. आतून नुसता सपाट पत्रा होता. तीस वर्षं तो त्या दारांपाशी वावरला, पण आतल्या बाजूने दार कसं दिसतं याचा विचार त्याने एकदाही केला नव्हता.

त्याने घरात जाऊन बाहेरून दार उघडलं. "चल," तो म्हणाला. "बरं," रोआल्ड म्हणाला आणि दोन पावलं मागे राहून चालू लागला.

मग हे रोजचंच झालं. सकाळी तोरग्रिम फेरीच्या नावाखाली पिवळ्या घरात जायचा, टकटक आणि हँडल एकाच दमात करायचा, रोआल्डला बाहेर काढायचा. गोठ्याचं दार, सुतारशाळेचं दार, स्वयंपाकघराचं दार. रोआल्ड जिथे अडेल तिथे तोरग्रिमचा हात आपोआप पुढे. गुडनीला यातलं काही कळू दिलं नाही. माणसावर दया केली तर काय बिघडलं, असं त्याचं म्हणणं होतं.

गुडनीला ते कळायला आठवडाही लागला नाही. ती गोठ्यात गाईचं दूध काढत होती. मान वर न करता तिने विचारलं, "त्याची दारं तू उघडतोस?"

"तो उपाशी राहील, गुडनी."

"एक दिवस राहील. दोन दिवस राहील. आम्ही खिडकीतून पाव देऊ."

"ही तुमची सुधारणा?" तोरग्रिम तडकला. "पडदे लावता, झाडं लावता आणि माणूस दारात तिष्ठत ठेवता?"

"त्याला दारात कुणी ठेवलंय?" गुडनीने आता मान वर केली. "दोन वर्षांनी तो सुटणार. त्याच्या घरी तू जाणार आहेस का, रोज सकाळी?"

गाईने तेवढ्यात शेपटी मारून तोरग्रिमची टोपी पाडली, ती उचलून तो निघाला.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात रोआल्ड त्याच्याशी पहिल्यांदा आपणहून बोलला. दोघं बटाटे सोलत होते.

"इंगविल्ड येतेय शनिवारी. माझी मुलगी."

"अरे वा! छानच की."

"छान नाही." रोआल्डने बटाटा पाण्यात सोडला. "एकदाच येतेय. फोनवर म्हणाली, धक्क्यावर उभी राहीन, आत पाऊल टाकणार नाही. बोट थांबते तेवढा वेळ. तू स्वतःहून आलास तर बसेन. कुणी घेऊन आलं तर त्याच बोटीने परत जाईन आणि मग मला बोलावू नकोस."

"घेऊन आलं म्हणजे?"

रोआल्डने पुढचा बटाटा उचलला. "ती सात वर्षांची होती तेव्हा भेटायला यायची. तिला शाळेतलं काहीतरी सांगायचं असायचं. मध्येच किल्ल्या वाजायच्या. तू यायचास आणि मी उठायचो. तिचं वाक्य अर्धं राहायचं. एकदा तिने हाक मारली, बाबा थांब ना. मी मागे वळून बघितलं नाही. तुझ्या मागून निघून गेलो. त्यानंतर ती आली नाही."

तोरग्रिमला ती मुलगी आठवेना. अशा कितीतरी मुली येऊन गेल्या असतील. दाराशी जाऊन 'वेळ संपली' म्हणायचं हे त्याचं कामच होतं. आपण कधी कुणावर हात उगारला नाही, हे त्याने स्वतःला पुन्हा एकदा सांगून पाहिलं. पण या खेपेला ते सांगून काही बरं वाटलं नाही.

"मग शनिवारी मी तुझ्या वाऱ्यालाही उभा राहत नाही," तो म्हणाला.

"हो," रोआल्ड म्हणाला. "पण मग मी येईन कसा?"

शनिवार उजाडला तो लख्ख. प्रत्येक शनिवारी असते तशी चुलीवर तांदळाची खीर होती, लोणी आणि दालचिनी टेबलावर. रात्री खोलीचं दार उघडंच राहिलं होतं, पहाटे घरातल्यांच्या मागोमाग जाऊन रोआल्डने वॅफलचं पीठ भिजवलं होतं. सोबत तपकिरी चीज कापून ठेवलं होतं, जाम काढून ठेवला होता. मग पांढरा शर्ट घालायला म्हणून तो खोलीत गेला आणि दार त्याच्या मागे वाऱ्याने बंद झालं.

बोट आली. तोरग्रिमने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. लाल टोपी घातलेली एक उंच मुलगी उतरली आणि धक्क्यावरच्या बाकाशी उभी राहिली. बसली नाही. बिर्गरने तिला काहीतरी विचारलं, तिने मान हलवली. बिर्गरची बोट वेळेवर सुटायची. गुडनीला उशीर झाला तरी तो थांबायचा नाही, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं.

तोरग्रिम पिवळ्या घराच्या बोळात गेला. त्याने दार वाजवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाजवून थांबला.

आतून काही आवाज नाही.

"रोआल्ड. ती आलीय."

आत बूट करकरला. अगदी जवळ, दाराच्या पलीकडेच. हा उभा होता तर. हात सोडून, मान खाली घालून. दोघांच्या मध्ये फक्त एक लाकडी फळी होती आणि कुलूप लावलेलं नव्हतं. तोरग्रिमचा हात कधी हँडलवर गेला ते त्याचं त्यालाही समजलं नाही. थोडं दाबलं की झालं. दार उघडेल, रोआल्ड 'बरं' म्हणेल आणि दोन पावलं मागून चालू लागेल. धक्क्यावरून ती मुलगी बघेल. किल्लीवाला पुढे, बाप मागे.

त्याने हात काढून घेतला. तो पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला. खरंच धरून ठेवावा लागला. मागे सरत सरत तो बोळाच्या टोकाला गेला आणि भिंतीला टेकला.

बोटीचा पहिला भोंगा झाला.

"बाबा रे," तोरग्रिम पुटपुटला. हे तो रोआल्डला म्हणत होता की देवाला, कोण जाणे. रविवारी चर्चमध्ये जाऊनही त्याने कधी असं मनापासून काही मागितलं नव्हतं.

आणि हँडल हललं.

थोडंसंच खाली गेलं आणि सुटून परत वर आलं. तीस वर्षांत तोरग्रिमने दारं किती उघडली याचा हिशेब नव्हता, पण दाराचं हँडल पलीकडून, आपलं आपण हलताना त्याने पाहिलं नव्हतं. एक पितळेचा तुकडा तर होता तो. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. लहानपणी वडिलांनी खांद्यावर घेऊन समुद्रातला देवमासा दाखवला होता, त्यानंतर असं त्याला कधीच झालं नव्हतं. किती मोठं काही आपल्यासमोर घडतंय आणि ते बघायला आपण एकटेच, असं त्याला वाटलं.

हँडल पुन्हा खाली गेलं. सावकाश. पूर्ण खाली.

दार उघडलं. रोआल्ड उंबऱ्यात उभा होता, शर्टाचं एक बटण चुकलेलं. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

"थंड असतं रे हे," तो म्हणाला.

तोरग्रिमने नुसता हात केला. जा, असा.

रोआल्ड त्याच्यासमोरून गेला. पुढे घराचं मोठं दार होतं, तिथे तो थबकला. तोरग्रिमने डोळे मिटले. कडीचा आवाज झाला, वारा आत आला, आणि त्याने डोळे उघडले तेव्हा बोळ रिकामा होता.

तो मागच्या वाटेने गुडनीच्या खोलीकडे गेला, जवळजवळ पळतच. दारापाशी येऊन थांबला. वाजवलं. वाट पाहिली.

"ये," आतून आवाज आला, आणि तो आत शिरताच गुडनी म्हणाली, "देवा! तू चक्क थांबलास?"

"हँडल हललं, गुडनी. आतून." तो खुर्चीत बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. "मी हात लावला नाही. शप्पथ. आपलं आपण हललं."

गुडनीने हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. घरात बाळ जन्मलं की बायका विचारतात तशा हलक्या आवाजात तिने विचारलं, "पहिल्याच खेपेला उघडलं?"

"नाही. दुसऱ्या."

"माझ्या पहिल्या कैद्याने आपणहून दार उघडलं तेव्हा मीही रडले होते," ती म्हणाली. "एका कोपऱ्यात लपून."

खाली बोटीचा दुसरा भोंगा झाला. मग इंजिनाचा आवाज, आधी मोठा, मग दूर दूर जाणारा. तोरग्रिम खिडकीकडे पाठ करून बसला होता. मान वळवायचा त्याला धीर होईना.

"बोट गेली?"

"गेली." गुडनी उठून खिडकीशी गेली.

"आणि ती?"

गुडनीने काच हाताने पुसली.

"बाकावर बसलीय," ती म्हणाली. "काहीतरी सांगतेय त्याला. हातवारे करकरून. मोठी गोष्ट दिसतेय."