रॅकच्या पायाखालचा डावा बूट

मी एक जुना, काळा रबरी बूट आहे, मित्रांनो. डाव्या पायाचा. तीन वर्षं मी जिममधल्या, वजनं ठेवायच्या एका लोखंडी रॅकच्या पायाखाली आहे. रॅक डुगडुगू नये म्हणून मला इथे सारलं आहे. माझं तोंड भिंतीकडे आहे. त्यामुळे मला जिम दिसत नाही, फक्त ऐकू येते. मध्येच माझं बोलणं तुटलं तर समजून घ्या. कुणीतरी वजन

धाड.

खाली टाकतं.

माझा जन्म साच्यातला. शिवण नाही, नाडी नाही, आत अस्तर नाही. तळ इतका पातळ की पायाला वाळूचा कणही कळावा. मलेशियातल्या बालिंग गावच्या एका दुकानात आम्ही दोघे, डावा आणि उजवा, सुतळीने बांधून टांगलेले होतो. सल्बियाने आम्हाला घेतलं.

ती रबराच्या बागेत जायची. झाडाला चीर द्यायची, खाली वाटी अडकवायची, की पुढचं झाड. हे मूळ, हा निसरडा उतार, ही ओली पानं, सगळं तिच्या पायाला माझ्यातून कळायचं. जळू मात्र आत यायची नाही. चिकाने भरलेल्या दोन बादल्या उचलताना तिची पाचही बोटं माझ्यात पसरायची आणि जमीन धरायची. माझं कौतुक कुणी

धाड.

केलं ते एकदाच. गावातल्या जुन्या गोदामात जिम चालवणाऱ्या अंकल कियोंगने. तो तिला म्हणाला, "बिया, तू बादली हाताने नाही, पायाने उचलतेस. माझ्याकडे ये. पोरांना दाखव."

"चव्वेचाळीस वय आहे माझं!"

"बादलीने कधी वय विचारलं?"

ती गेली. पहिल्या दिवशी सोबत तिची मुलगी नजवा होती. नजवा पिनांगला नोकरी करते. तिने आईसाठी पांढरेशुभ्र, जाड मऊ तळाचे बूट आणले होते. "मक, हे घाल," ती आईला म्हणाली. "ते रबराचे आता पुरे. शाळेत मला सगळे चिकाचा वास म्हणून चिडवायचे, विसरलीस?" तेवढ्यात रॅक डुगडुगला. नजवाने मला दारातून उचललं आणि त्याच्या पायाखाली कोंबलं. "बघा अंकल, लागला की नाही उपयोगी?"

सगळे हसले. सल्बियाही हसली. जरा उशिरा.

या जिममध्येही घरासारखं पायातलं दाराशीच काढतात. त्यामुळे पांढरे बूट दारात उभे राहायचे आणि सल्बिया आत अनवाणी उचलायची. साठ किलो. ऐंशी. पंच्याण्णव. तिची पाच बोटं पसरली की सिमेंटमधून मला कळायचं. तो पाय माझ्यापासून दोन हातांवर. आणि माझ्या टाचेवर रॅक. मी जमिनीला चिकटत गेलो. बुटात पाय नसला की काय राहतं, सांगू? मुंग्या. एक बटण. खडूची भुकटी. रात्र आणि दिवस माझ्यात सारखेच

थांबा. आज काहीतरी वेगळं चाललंय.

आज शुक्रवार, इथला सुट्टीचा दिवस. उद्या अलोर सेतार शहरात वजन उचलण्याची स्पर्धा आहे. सल्बियाला शंभर किलो उचलायचे आहेत. नजवा तिला न्यायला आली आहे. अंकल स्पर्धेच्या नियमांचा कागद वाचतोय.

"अय्यो, बिया! इथे लिहिलंय, अनवाणी चालणार नाही."

"अनवाणी कोण उचलतंय?" नजवा म्हणते. "मकचे बूट आहेत की."



"नजवा, ते मी दारापर्यंतच घालते गं."

"तीन वर्षं? सांगितलं का नाहीस?"

"तू फोनवर विचारायचीस, बूट कसे आहेत. मी सांगायचे, छान आहेत. छानच आहेत."

सल्बिया ते पांढरे बूट घालून वजनाच्या दांड्याशी उभी राहते. नव्वदच किलो लावलेत. तळ दबल्याचा फस्स आवाज मला ऐकू येतो. टाच आत कलते, बाहेर कलते. दांडा गुडघ्यापर्यंत

धाड.

"गादीवर उभं राहून कपाट उचलतेय असं वाटतं," ती धापा टाकत म्हणते.

"मग नवे रबरी घेऊ," अंकल म्हणतो.

"शुक्रवारी आत्ता दुकान कुठलं उघडं? आणि नवा रबरी बूट आठ दिवस चावतो."

पिशवीची चेन उघडते. सिमेंटवर काहीतरी हलकंसं पडतं. तो आवाज मी कुठेही ओळखेन, मित्रांनो. तो उजवा आहे!

"यात मी माझी जुनी चीर द्यायची सुरी ठेवते," सल्बिया म्हणते. "जोडीचा त्या रॅकखाली आहे."

"लोक हसतील, मक. म्हणतील, चीक काढायला आलीय."

"चीक काढूनच ही पाठ झालीय. तुझ्या पदवीलाही तोच वास आहे. हुंगून बघ एकदा."

अनवाणी पावलं माझ्या दिशेने येतात.

"थांब, आधी रॅकवरच्या प्लेटा उतरवू!" अंकल ओरडतो.

ती थांबत नाही. माझ्या शेजारी पाय रोवते. पाच बोटं पसरतात. माझ्या टाचेवरचं लोखंड बोटभर वर जातं.

"ओढ, नजवा!"

नजवा जमिनीवर पालथी पडते. तिचा हात माझं तोंड पकडतो. मी येत नाही. मी चिकटलो आहे. ती पुन्हा ओढते. माझी थोडी साल तिथेच राहते, आणि मी

धाड.

बाहेर आहे. माझ्यावर न पडलेला हा पहिलाच धाड.

नजवा माझ्यातल्या मुंग्या झटकते. बटण खाली पडतं. माझ्या टाचेत रॅकच्या पायाचा चौकोनी खड्डा उमटला आहे. ती गुडघ्यावर बसून मला आईच्या पायासमोर धरते. सल्बिया पाय घालते.

"टोचतंय?"

"टोचतंय. पण जमीन लागतेय."

मागे रॅक पुन्हा डुगडुगतोय. अंकल हातातल्या पांढऱ्या बुटाकडे बघतो. "मग हा सारू खाली?"

"नको!" मायलेकी एकदम ओरडतात.

"लाकडाचा तुकडा कापा, अंकल," नजवा म्हणते. "त्या दिवशीही कापता आला असता."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू कपाटाखाली, दाराखाली दडपलेली असेल. एकदा वाकून बघा. टेकूला लाकडाचा तुकडा पुरतो. ज्याच्या आत कुणाचा पाय राहिला आहे, त्याला टेकू करू नका. सुटका झाली तरी खड्डा राहतो. माझाही राहील. उद्या शंभर किलो उचलले जातील का, मला माहीत नाही.

पण आता अंकलने दांड्याला पंच्याण्णव लावले आहेत. ती वाकली आहे. माझ्यात पाच बोटं पसरत आहेत. आता मला बोलता येणार नाही. मला काम आहे.