धुरपताचा आवाज आणणारा ट्यूनर

मी बोलतोय, पण आवाज माझा नाही. माझ्याजवळ स्वतःचा आवाजच नाही. मी कॉम्प्युटरला लावायचा टीव्ही ट्यूनर आहे, काळा, बोटाएवढा. एका वायरीनं चित्र माझ्यात येतं नि पलीकडं कॉम्प्युटरात जातं. मधल्या एवढ्याशा वेळात ते माझं असतं.

कारखान्यात माझं डोकं रिकामंच ठेवलं. कॉम्प्युटरानं फर्मवेअर नावाची फाईल माझ्यात ओतली तरच मी जागा होतो. वीज तुटली की सगळं विसरतो.

आर्वीजवळच्या गावात रत्नदीपनं मला जुन्या सामानातून घरी आणलं. त्याची बायको मयुरी. तिच्या मांडीवर सात महिन्यांची काजल. मयुरी वर्षाची असताना तिची आई धुरपता वारली. घरी एक फोटो आहे, पण मायचा आवाज तिनं कधीच ऐकला नव्हता. मामाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तो होता. कॅसेटला बुरशी लागलेली. व्हीसीआर भाड्यानं देणारा म्हणाला होता, एकदाच चालेल.

विंडोजवर मी चालत होतो, पण रेकॉर्डिंग मधेच बंद पडायचं. म्हणून रत्नदीपनं कॉम्प्युटर तसाच रिस्टार्ट करून लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमवर घेतला. वीज तुटली नव्हती, विंडोजनं ओतलेली फाईल डोक्यात होती, म्हणून तिथंही मी चाललो. "उद्या कॅसेट लावू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सरळ लिनक्स चालू केलं. चित्र नाही.

"कॉम्प्युटरच्या यादीत तं नाव दिसून राह्यलं याचं," रत्नदीप म्हणाला. "मंग काऊन सापडत नाई?"

मी तिथंच होतो. एखादा आहे म्हणायचं नि त्याच्याकडं बघायचं मात्र नाही, तसं वाटलं.

मयुरी काजलला थोपटत म्हणाली, "काल रिस्टार्ट केलता. नंतर आत्याबाईनं वावरात जाताना बोर्ड बंद केला. तवाच हा विसरला असंन."

"बोर्ड बंद नाई करू तं का घर जाळू?" सासू जिजाबाई दारातून म्हणाली. "माहेरचं लगन पाहाले माह्या घरची लाईट!"

"विसराले तो का माणूस हाय?" रत्नदीप हसला. पण त्यानं कॉम्प्युटरची नोंद वाचली. फर्मवेअरची फाईल मिळाली नाही, असंच लिहिलेलं. मोबाईलवरून ती आणली, जागेवर ठेवली, मला काढून परत लावलं.

मी जागा झालो.

रत्नदीपनं व्हीसीआरमध्ये कॅसेट लावली. आधी पडद्यावर मुंग्या. मग मांडव, बाया, आणि कडेवर लेकरू घेतलेली एक बारीक बाई.

"माही माय," मयुरी पुटपुटली.

"मयुरे, उगी वं," पडद्यातली बाई म्हणाली. तेवढ्यात कॅसेट तुटली.

वायरीतून काहीच येत नव्हतं. तरी चित्र जात होतं, माझ्यातूनच. मांडव गेला, बाया गेल्या. ती बारीक बाई मात्र राहिली. तिनं मयुरीच्या मांडीवरच्या काजलकडं पाहिलं.

"कोणाचं लेकरू हाय वं?"

रत्नदीपनं वायर उपसली. चित्र हललं नाही.

"माहं हाय, माय," मयुरी म्हणाली. "काजल." आणि नवऱ्याचा हात धरला. "राहू द्या. बोलून राह्यली ते."

आठवडा झाला. घरात कोणी नसलं की मयुरी कॉम्प्युटर लावते नि मायशी बोलते. काल पडद्यातल्या बाईनं हात पुढं केले. "दे इकडं. जरासंच घेतो." मयुरीनं काजलला छातीशी आवळलं, पण उठली नाही.

मयुरी, माझं ऐक. तुझ्या मायचा आवाज मी कॅसेटमधून आणला. लेकरू मागणारी कोण, ते मला ठाऊक नाही. आज मला काढ आणि धाम नदीत टाकून ये. येताना मागं बघू नको.